शिशात ओतलेला शब्द

‘त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी...’ पुढची ‘पोकळी’ वाचक स्वतःच भरतो. अशा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगाला इंग्रजीत ‘क्लिशे’ म्हणतात. हल्ली मराठी चित्रपट-परीक्षणांतही तो सर्रास दिसतो. शब्द मूळचा फ्रेंच, आणि जन्म चक्क छापखान्यातला.

खिळ्यांच्या छपाईत एकेक अक्षर जुळवून पान उभं करायचं आणि छापून झालं की ते सोडून खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. तोच मजकूर पुन्हा लागला, तर जुळाऱ्याची सगळी मेहनत पहिल्यापासून. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मुद्रकांनी यावर तोड काढली. शिशाचा मिश्रधातू वितळवायचा, तो थिजू लागला की त्यावर साचा दाणकन आपटायचा. धातूवर उमटलेला अख्खा ठसा म्हणजे क्लिशे. आपटतानाच्या आवाजावरूनच हे नाव पडलं, असं शब्दकोशकार मानतात. ठसा फडताळात ठेवावा, हवा तेव्हा काढून छापावा. नाकं मुरडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. उलट वेळ वाचवणारी चीज होती ती.

चार्ल्स बॅबेज यांच्या १८३२ सालच्या कारखानदारीवरील इंग्रजी पुस्तकात हा शब्द येतो, तोही निव्वळ तांत्रिक अर्थाने. ‘तयार ठशासारखी भाषा’ हा टोमणा त्याला चिकटला एकोणिसावं शतक सरता सरता. पुढे १९४० साली एरिक पार्ट्रिज यांनी इंग्रजी क्लिशेंचा कोशच काढला!

‘स्टिरिओटाइप’ हा याच छापखान्यातला भाऊ. फरक एवढाच, की स्टिरिओटाइप समजुतीत असतो आणि क्लिशे बोलण्यात. ‘पुणेकर म्हणजे खडूस’ हा स्टिरिओटाइप. ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ हा क्लिशे. (बातमीदारांनी राग मानू नये.) मराठीनेही ‘छापील उत्तर’ म्हणताना छापखान्याचाच आधार घेतला आहे.

इंग्रजीत विशेषण म्हणून ‘क्लिशेड’ हे रूप रूढ आहे, पण बोलताना नुसतं ‘क्लिशे’ही चालतं. फ्रेंचमध्ये मात्र टोमण्याच्या जोडीला जुना, साधा अर्थ अजून टिकून आहे. तिथे फोटोलाही क्लिशे म्हणतात. त्यामुळे फ्रान्समधल्या डॉक्टरने छातीचा ‘क्लिशे’ काढायला सांगितला, तर एक्स-रे काढून घ्यावा.