गणकयंत्राचा ‘हातचा’

तोंडी बेरीज करताना हातचा विसरलात की उत्तर चुकलेच! गणकयंत्राचेही तसेच आहे. हातचा ठेवण्याच्या त्याच्या जागेला स्मृती म्हणतात.

घाटकोपर किंवा बोरिवलीहून लोकलने शहरात उतरून बसने कुलाब्याच्या टोकाला गेलात, की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने स्वतः बांधलेले गणकयंत्र १९६० साली चालू झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

टिफ्रॅकची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. अशा स्मृतीत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते व प्रत्येक छेदावर एक कडी ओवलेली असते. कडीचे चुंबकन एका दिशेने असले तर १, उलट दिशेने असले तर ०. वीज गेली तरी चुंबकन टिकते.

पण हजारो कड्यांतून नेमकी हवी ती कशी उलटवायची? त्यासाठी लागणारा प्रवाह अर्धा आडव्या तारेतून आणि अर्धा उभ्या तारेतून सोडायचा. अर्ध्या प्रवाहाने कोणतीच कडी उलटत नाही. दोन्ही तारा जिथे मिळतात तेथील कडी तेवढी उलटते.

वाचण्यासाठी कडीवर मुद्दाम ० लिहितात. तिच्यात १ असेल तर ती उलटते आणि आणखी एका तारेत क्षणभर विद्युतदाब उमटतो. हा फॅराडेचाच नियम! मात्र वाचताच १ पुसला जातो. तो लगेच पुन्हा लिहिला नाही, तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

टिफ्रॅकच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्यात मावणार नाही!

१९७० साली इंटेल कंपनीने १०२४ बिटांची सिलिकॉनची चिप बाजारात आणली. तिच्यात कड्यांऐवजी सूक्ष्म धारित्रे होती. त्यांतील विद्युतभार गळतो, म्हणून तो सतत नव्याने भरावा लागतो. वीज गेली की सारे विसरले जाते. तुमच्या मोबाइलची कामचलाऊ स्मृती आजही याच तत्त्वावर चालते. वाचून पुन्हा लिहिणे सुटलेले नाही, आणि आडव्या-उभ्या ओळींची जाळीही तीच आहे.

आता वहीत आठ आडव्या आणि आठ उभ्या रेघा काढा. छेद चौसष्ट, तारा सोळाच! तारा दुप्पट केल्या तर कड्या किती होतील? करून पाहा.