झोताच्या बोटी आणि त्यांचे भोंगे

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचं, इंपेलरनं त्याला दाब द्यायचा आणि मागच्या तोंडातून झोत सोडायचा, एवढंच तिचं तंत्र. हे तंत्र व्यवहारात आणलं न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननं, १९५४ मध्ये. दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक इथे त्याचं मेंढ्यांचं रान होतं आणि आसपासच्या नद्या इतक्या उथळ, की पंख्याची बोट दगडावर आपटायचीच. १९६० मध्ये त्याच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध चढून गेल्या. आपल्याकडे ही बोट गाजली ती १९७७ मध्ये. एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून निघाला आणि गंगेच्या प्रवाहाविरुद्ध नंदप्रयागपर्यंत पोचला. तिथल्या धबधब्यानं वाट अडवली. त्या तीन बोटींपैकी एकीचं नाव चक्क ‘एअर इंडिया’ होतं आणि ताफ्यात बिल हॅमिल्टनचा मुलगा जॉन स्वतः सुकाणूवर होता.

म्हणजे बोट बिघडली तर ती बनवणाऱ्या घरातलाच माणूस हाताशी. पुढच्या पिढीतल्या जेट बोटींच्या नशिबी हे सुख नव्हतं. १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या तळ्यांवर कुटुंबासाठीच्या छोट्या जेट बोटींची लाट आली. बोम्बार्डिएच्या सी-डूनं १९९४ मध्ये दोन रोटॅक्स इंजिनांची ‘स्पीडस्टर’ आणली, मर्क्युरीनं आपलं आउटबोर्ड इंजिन आत बसवून ‘स्पोर्ट जेट’ विकायला सुरुवात केली, १९९६ मध्ये यामाहाची ‘एक्सायटर’ आली. पाच-सहा वर्षांत या बोटी दुसऱ्या मालकाकडे गेल्या, मग तिसऱ्याकडे. सोबतची पुस्तिका वाटेत कुठेतरी गळून पडली. उरली ती बोट आणि तिचा भोंगा.

त्या काळचा भोंगा साधा होता. इंजिनाच्या डोक्यावर तापमानाचा एक स्विच, त्याची एक वायर डॅशबोर्डमागच्या बझरकडे. इंजिन मर्यादेपलीकडे तापलं की स्विच वायरला अर्थिंग देतो आणि बझर कोकलतो. मर्क्युरीत ही वायर फिकट तपकिरी रंगाची. तपासायची रीतही तेवढीच साधी. चावी ‘ऑन’ करायची, स्विचकडची वायर सोडवायची आणि तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचं. आवाज आला तर बझर आणि वायर शाबूत. आला नाही, तर भोंगा मुका आहे आणि बोट आजवर देवाच्या भरवशावर चालली. उलट, वायर सोडवूनही आवाज चालूच राहिला, तर ती मध्येच कुठेतरी सोलवटून धातूला लागलेली असते. अशा वेळी इंजिन खोलायला काढणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मुका भोंगा ही जुन्या बोटीतली खरी धास्ती. सतत वाजणाऱ्या आवाजाला कंटाळून आधीच्या मालकानं वायरच तोडलेली असू शकते. बोट विकताना हे कुणी सांगत नाही आणि घेणारा खुशीत असतो, कारण बोट कशी शांत चालते!

भोंगा खरा बोलतोय असं ठरलं की प्रश्न येतो तापण्याचा, आणि इथे मोटारीवर हात बसलेला मेकॅनिक हमखास चुकतो. त्याची नजर थर्मोस्टॅटकडे, गॅस्केटकडे जाते. त्या पिढीच्या बहुतेक जेट बोटींमध्ये इंजिनाला पाणी पुरवणारा वेगळा पंप नसतोच. बोट ढकलणाऱ्या जेट पंपातलं दाबाचं पाणी एका बारीक नळीतून इंजिनाकडे जातं, फिरून बाहेर पडतं. त्यामुळे तळाच्या जाळीत शेवाळ अडकलं, प्लॅस्टिकची पिशवी बसली किंवा स्की ओढायचा दोर शाफ्टला गुंडाळला गेला, तर जोर आणि गारवा एकदमच जातात. इंजिन आरडाओरडा करत फेरे वाढवतं, बोट जागची हलत नाही आणि मिनिटाभरात भोंगा सुरू होतो. ही तीन लक्षणं एकत्र दिसली, तर पाना उचलण्याआधी इंजिन बंद करून जाळीत डोकावणं स्वस्त पडतं.

जोर नाही, पण इंजिन गार आहे, असंही होतं. तेव्हा संशय इंपेलरभोवतीच्या वेअर रिंगवर जातो. इंपेलरचं पातं आणि ही कडी यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशात असावी लागते. उथळ पाण्यात बोट सुरू केली की वाळू-खडे आत येतात आणि कडीवर गोल चरे पडतात. फट वाढली की दाबाचं पाणी मागे गळतं, पात्यांभोवती बुडबुडे होतात आणि इंजिनाची ताकद त्या फेसात जिरते. सी-डूच्या पुस्तिकेत तळाखाली किमान ९० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये असं बजावलेलं असतं ते यासाठीच. तारकर्ली-मालवणपासून कळंगुटपर्यंतच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या वॉटर स्कूटरमध्ये हाच पंप असतो. गुडघाभर पाण्यात गिऱ्हाईक बसवून तिथूनच रेस करण्याची सवय त्यांना किती महागात पडते, हे त्यांच्या कड्यांवरचे चरे पाहिले की कळतं.

नव्वदच्या दशकातल्या सी-डूंचा सगळ्यात गाजलेला बिघाड मात्र पंपातही नव्हता आणि भोंग्याच्या आवाक्यातही नव्हता. तो होता पेट्रोलच्या करड्या नळ्यांमध्ये. या नळ्या बाहेरून ठणठणीत दिसतात. उभी चीर देऊन उघडल्या की आत हिरवट, चिकट राळ सापडते. नळीचा आतला थर पेट्रोलमध्ये विरघळत जातो, ती राळ कार्ब्युरेटरच्या आतल्या बारीक जाळीवर साचते आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडू लागतं. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे मिश्रण जास्त तापतं आणि पूर्ण वेगात असताना एखाद्या पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. डोक्यावरचा स्विच तापमान मोजतो पाण्याच्या बाजूचं. पिस्टन वितळतोय हे त्याला कळेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. म्हणून जाणता गिऱ्हाईक त्या काळची सी-डू बघायला गेला की आधी झाकण उघडून नळ्यांचा रंग बघतो, मग कॉम्प्रेशन गेज लावतो. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर पुढचा भाव बोलायचा तो फक्त सांगाड्याचा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं या जुन्या नळ्यांचा प्रश्न आणखी वाढवला. भारतात तर २०२५ पर्यंत मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. जुन्या टू-स्ट्रोक यंत्रांच्या पुस्तिका १० टक्क्यांच्या वर जाऊ नका म्हणतात.

मधल्या काळात सरकारनंही या इंजिनांकडे लक्ष वळवलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९९६ मध्ये आउटबोर्ड, वॉटर स्कूटर आणि जेट बोटींच्या धुरावर नियम आणले, ते १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्यानं लागू झाले. निळा धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोकचे दिवस भरले. २००२ मध्ये सी-डू, यामाहा आणि होंडा या तिघांनीही फोर-स्ट्रोक वॉटर स्कूटर बाजारात आणल्या आणि हीच इंजिनं पुढे जेट बोटींत गेली. इथून भोंग्याची भाषाच बदलली.

एका वायरच्या जागी आता डझनभर सेन्सर आले, त्यांच्यावर एक संगणक बसला. सी-डूमध्ये त्याची सुरुवात आधीच झाली होती. किल स्विचच्या डोरीच्या टोकाला एक चिप असलेली टोपी, ती खुंटीवर दाबली की दोनदा ‘पीप पीप’, म्हणजे ओळख पटली. एकच लांब आवाज आला तर ओळख पटलेली नाही, किंवा खुंटीचा संपर्क खराब आहे. स्टार्टर फिरतच नाही आणि मालक बॅटरी बदलून बसतो, असे प्रकार या एका लांब ‘पीप’कडे कानाडोळा केल्यानं घडतात. टोपीच्या आत साचलेलं मीठ कापसानं पुसल्यावर पुष्कळदा काम होतं. २०२१ च्या १ एप्रिलपासून अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींवर हा इंजिन बंद पाडणारा किल स्विच बसवलेला असेल तर तो वापरणं कायद्यानं बंधनकारक झालं. त्यामुळे या टोप्यांचं महत्त्व वाढलं आणि हरवलेल्या टोपीचं दुःखही. नवी टोपी बोटीला ओळखायला लावायची तर लॅपटॉप आणि कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं.

फोर-स्ट्रोक बोटींत भोंग्यानं आणखी एक अधिकार हातात घेतला. आधी तो फक्त ओरडायचा, ऐकायचं की नाही हे चालकाच्या मर्जीवर होतं. आता तेलाचा दाब कमी झाला किंवा तापमान चढलं की संगणक स्वतःच इंजिनाचे फेरे दाबून टाकतो. बोट कशीबशी रांगत धक्क्याला लागते. ही सोय उत्तमच आहे. तिनं किती इंजिनं वाचवली असतील याचा हिशोब नाही. पण जुन्या बोटीत गंजलेला एक प्लग किंवा सैल अर्थिंग हाच निर्णय घेऊ शकतं, आणि तळ्याच्या मधोमध, काहीही बिघडलेलं नसताना, बोट रांगायला लागते.

खरा बिघाड आणि खोटी आरोळी यांतला फरक ओळखायला इथे क्रम पाळावा लागतो. तेल बघण्याचंच घ्या. रोटॅक्सच्या फोर-स्ट्रोक इंजिनात गार इंजिनाची कांडी बाहेर काढून काहीच कळत नाही. इंजिन गरम करायचं, अर्धा मिनिट संथ चालवून बंद करायचं, आणखी अर्धा मिनिट थांबायचं आणि मग कांडी बघायची. ही रीत न पाळता ‘तेल कमी दिसतंय’ म्हणून वरून ओतणारे फार. यामाहाच्या त्या पिढीतल्या इंजिनात असं जास्तीचं तेल थेट एअर बॉक्समध्ये जाऊन साचतं. मग धूर येतो, इंजिन चाचरतं आणि मालकाला वाटतं पिस्टन रिंगा गेल्या.

तापण्याच्या भोंग्याचाही अर्थ बदलला. रोटॅक्सच्या फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं कूलंट मोटारीसारखं बंद चक्रात फिरतं. तळाच्या धातूच्या पट्टीतून जाताना त्याची उष्णता बाहेरचं पाणी ओढून घेतं. वाळू-गाळ इंजिनात शिरण्याचा प्रश्न मिटला. पण धुराड्याच्या नळीला गार ठेवायला अजूनही जेट पंपाचंच पाणी लागतं. त्या बारीक नळीत शिंपल्याचा तुकडा अडकला तर कूलंट गार, डबा भरलेला, तरी भोंगा चालू! पुष्कळांनी इथे कूलंटचा सेन्सर बदलला, मग थर्मोस्टॅट बदलला, मग दुसरा सेन्सर. वाजत होता धुराड्याचा सेन्सर. शंभर-दोनशे रुपयांची नळी साफ करून भागलं असतं, त्यासाठी अर्धं इंजिन नवं झालं.

हल्ली स्वस्तात मिळणाऱ्या लेसर थर्मामीटरनं हे भांडण बरंच सोडवलंय. भोंगा वाजताक्षणी इंजिनाचं डोकं, कूलंटची नळी आणि धुराडं यांवर एकेकदा रोखायचा. तिन्ही जागा गार असतील तर सेन्सर किंवा वायर. एकच तापलेली असेल तर पाण्याची वाट तिथेच अडलीय.

बोट जमिनीवर ठेवून नळीनं धुताना होणारी चूक या दोन्ही पिढ्यांना मारक. आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलं तर धुराड्यात भरलेलं पाणी मागे फिरून सिलिंडरमध्ये उतरतं. प्लग काढून फिरवल्यावर भोकातून कारंजं उडतं, तेव्हा काय झालं ते कळतं.

मग आला सुपरचार्जर. २००३ मध्ये सी-डूनं १८५ अश्वशक्तीचं सुपरचार्जरवालं इंजिन वॉटर स्कूटरमध्ये बसवलं आणि पुढे बोटींतही ते आलं. सुपरचार्जरच्या आतल्या क्लचमध्ये सिरॅमिकच्या वॉशर होत्या. त्या झिजल्या की फुटायच्या, तुकडे तेलातून थेट इंजिनाच्या पोटात. भोंग्यापर्यंत बातमी पोचायची ती तेलाचा दाब पडल्यावर. दर शंभर तासांनी सुपरचार्जर उघडून घ्या, असं पुस्तिकेत छापलेलं होतं. तिसऱ्या मालकाकडे पुस्तिका कुठून येणार? पुढे धातूच्या वॉशर आल्या. आजही २००५-०८ ची सुपरचार्जर सी-डू बघताना घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो या वॉशर बदलल्याच्या पावतीचा.

२०१२ मध्ये सी-डू बनवणाऱ्या बीआरपी कंपनीनं या बोटींचं उत्पादनच थांबवलं. आउटबोर्ड इंजिनांचं ‘एव्हिनरूड’ हे त्यांचं दुसरं नाव २०२० मध्ये बंद झालं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ‘स्विच’ नावाची तराफ्यासारखी जेट बोट घेऊन ते परतले खरे, पण त्याआधीच्या हजारो बोटी मध्यंतरी मालक बदलत फिरतच होत्या. त्यांचं इंजिन दुरुस्त होतं, सुटे भाग निघतात, वेअर रिंग तर कुणीही बनवतं. अडतं ते त्या संगणकाच्या काळ्या डब्यापाशी. नव्वदच्या दशकातला डबा मेला तर पर्याय दोनच उरतात. भंगारातल्या बोटीतून काढलेला डबा घ्यायचा, किंवा राळेत बुडवलेलं सर्किट कोरून दुरुस्त करणारा कारागीर शोधायचा.

त्यामुळे आजच्या घडीला जुनी जेट बोट बघायला जाणाऱ्याच्या पिशवीत कॉम्प्रेशन गेज, थर्मामीटर आणि बोटीशी बोलणारा अडॅप्टर असतो. सौदा मात्र बहुतेकदा त्याआधीच ठरतो. विकणारा डोरीची टोपी खुंटीवर दाबतो आणि दोघंही ‘पीप’ मोजतात. दोन आले तर इंजिन सुरू होतं. एकच लांब आला, तर विकणारा म्हणतो, “कालपर्यंत तर होत होतं हो,” आणि घेणारा वीस टक्के कमी सांगतो.