पाणथळीचे अभयदान

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि एका क्षेत्री स्थिरावलेल्या साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. त्याच सुमारास रायगड जिल्ह्यात दुसरेही पदयात्री म्हणावेत असे प्रवासी येऊन पोहोचलेले असतात. फरक इतकाच की त्यांची वाट आकाशातली असते. हिमालय, तिबेटचे पठार व मध्य आशियातून निघालेले हे पक्षी पेण आणि रोहा तालुक्यांतील खाजणे, तळी व नदीकाठ हिवाळ्यापुरते जवळ करतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. त्याचा आरंभ अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होतो आणि समारोप डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनी.

पक्षी पाहण्याची उत्तम वेळ सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन घटकांची. नवकारसीचे पच्चक्खाण करणाऱ्या घरांत त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत तोंडात पाणीही घातले जात नाही. ती निवांत वेळ खाडीकाठी सार्थकी लागते. पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीलगत खारभूमीचा विस्तीर्ण पट्टा आहे. मातीच्या बांधांनी खारे पाणी अडवून येथे पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवले गेले. बांधातील उघाडीची झडप ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप मिटते.

ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावर पक्षी दूरवर विखुरतात. भरती चढू लागली की ते थव्याथव्यांनी बांधाकडे सरकतात व सहज दृष्टीस पडतात. गुलाबी, काडीसारख्या पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात पावले मोजत चालतो. इवलासा चिखल्या दोन पावले धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. तुतवार अखंड शेपटी हलवीत काठाने फिरतो. विजेच्या तारांवर भिंगऱ्यांच्या रांगा बसलेल्या असतात आणि कापणी झालेल्या खाचरांत धोबी किडे टिपतो.

रोह्याकडे निसर्गाचे रूप पालटते. भिरा येथील वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे कुंडलिका नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. खंड्या, पाणकावळे व बगळे तिच्या काठाला धरून असतात. रोहा व मुरूड तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्यात बारमाही पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. याच जिल्ह्यातील किहीम येथे सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखते आणि पसंत पडले तरच ते पूर्ण होते, हे त्यांनी दाखवून दिले.

हे सारे वैभव पाण्याच्या आणि चिखलाच्या आधारावर उभे आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबई या परिसराच्या अधिकच जवळ आली. जमिनीला मोल आले की पहिला डोळा जातो तो ‘पडीक’ भासणाऱ्या पाणथळीवर. मातीचे चार डंपर रिकामे झाले की तळ्याचा भूखंड होतो.

व्यापारी श्रावकाला येथे शास्त्राचे स्मरण व्हावे. श्रावकासाठी निषिद्ध ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे घोर हिंसा घडवणाऱ्या व्यवसायांत, सरोवरे, डोह व तलाव शोषून घेण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रतिक्रमणातील वंदित्तु सूत्र म्हणताना त्याचा उच्चार होतो. त्यामागील कारण चिखलाकडे पाहिले की उमगते. कृमी, शंख, शिंपले हे द्वींद्रिय जीव, त्यांवरचे कीटक, मासे आणि पक्षी हे सर्व एका तळ्याच्या आश्रयाने राहतात. तळे बुजले की एक जीव नव्हे, जीवांचे गाव बुजते.

जैन समाजाने पांजरपोळ उभारले, पक्ष्यांसाठी दाणापाणी ठेवले. ही जीवदयेची थोर परंपरा आहे. परंतु चिखल्याला ज्वारीचा उपयोग नाही. मांडव्याच्या बोटीमागे उडणाऱ्या कुरव पक्ष्यांना टाकलेली तळलेली गाठीही त्यांचा आहार नव्हे. रानपक्षी अन्न मागत नाही, जागा मागतो. दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ मानले आहे, आणि पाणपक्ष्यासाठी अभयदान म्हणजे त्याचे पाणी त्याच्यापाशी राहू देणे. भूखंड घेताना त्यावर पूर्वी काय होते, इतके विचारणे हाही त्याचाच भाग.

मुलांना घेऊन एक सकाळ बांधावर जावे. ईर्यासमिती मनात धरून पाऊल जपून टाकावे, आवाज करू नये, थवा उडवून छायाचित्र घेऊ नये. दुर्बिणीतून एकदा शेकाट्या पाहिलेला मुलगा उद्या पेढीवर बसेल, तेव्हा तळ्याचा सौदा समोर आल्यास त्याचा हात क्षणभर तरी थांबेल.