ठिणगी कधी पाडायची?

डॉन गार्लिट्स वैतागला होता. १९६०च्या दशकाचा मध्य. सरळ धावपट्टीवर गाड्या पळवणाऱ्या फ्लोरिडाच्या या ड्रॅग रेसरने आपल्या गाडीला क्रायस्लरचं नवं ४२६ घनइंची हेमी इंजिन बसवलं होतं, पण जुन्या ३९२ची सर काही त्याला येईना. शेवटी, फुटलं तर फुटलं, निदान जुन्या इंजिनाकडे परतायला मोकळे होऊ, अशा निर्वाणीच्या मनःस्थितीत त्याने ठिणगीचं टायमिंग नेहमीपेक्षा बरंच अलीकडे ओढलं. इंजिन फुटलं नाही. उलट गाडी आधीपेक्षा कितीतरी वेगाने पळाली. त्या इंजिनाला काही मिनिटांपूर्वीपर्यंत कमी पडत होता तो फक्त वेळ, तोही मिलिसेकंदाच्या अंशात मोजावा असा.

सिलिंडरमधलं इंधन आणि हवेचं मिश्रण एका क्षणात पेटत नाही. प्लगपाशी ठिणगी पडते, तिथून ज्वाळा पसरत जाते. म्हणून पिस्टन वर चढत असतानाच, माथ्यावर पोचण्याच्या काही अंश आधी ठिणगी पाडावी लागते. हे अंश क्रँकशाफ्टच्या फेऱ्यावर मोजतात. पिस्टनने माथा ओलांडून खालची वाट धरली, साधारण पंधराएक अंश उतरला, की दाब शिगेला पोचलेला असावा. बंगई मागे जाऊन परत वळते त्या घडीला दिलेला धक्का तिला सगळ्यात उंच नेतो, तसंच हे. ठिणगी फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा दणका बसतो. फार उशिरा पडली तर आगीची ताकद धुराड्यातून बाहेर. मिनिटाला ६,००० फेरे मारणाऱ्या इंजिनात एक फेरा १० मिलिसेकंदांत पुरा होतो. म्हणजे ३६ अंश आधी टाकलेल्या ठिणगीला मिळतो जेमतेम एक मिलिसेकंद.

दुसरी किल्ली इंधनाची. जुन्या यामाहा आरएक्स १०० वर हात बसलेला कोणताही मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग बघतो. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक पडला असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर कार्ब्युरेटरचा जेट बरोबर. लाखो डॉलर खर्चणारे अमेरिकी ड्रॅग रेसिंग संघही प्रत्येक धावेनंतर सगळे प्लग ओळीने मांडून भिंगाखाली तपासतात. प्लग खोटं बोलत नाही, हा विश्वास दोन्हीकडे सारखाच.

पण टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गात जे जळतं ते पेट्रोल नसतं. नियमाने ९० टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन, उरलेलं मिथेनॉल. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ किलो, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू आधीच असतात. किलोला किलो धरलं तर त्याची ऊर्जा पेट्रोलच्या पावपट. मात्र तेवढ्याच हवेत ते आठ-नऊ पट जास्त कोंबता येतं, आणि त्यामुळे सिलिंडरच्या एका भरण्यातून दुपटीहून अधिक ऊर्जा निघते. ८.२ लिटरच्या आठ सिलिंडरांतून सुमारे ११,००० अश्वशक्ती निघते ती यामुळे. सुटण्याआधी टायर तापवायच्या बर्नआउटपासून अंतिम रेषेपर्यंत सुमारे ५० लिटर इंधन संपतं.

हे इंधन जळतं मात्र सावकाश. म्हणून ठिणगी ५० अंशांहूनही आधी पाडतात, तीही प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन प्लगांनी. ती हुकली तर न जळलेलं इंधन द्रवरूपात साठतं. द्रव दाबला जात नाही; वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि इंजिनाच्या चिंधड्या होतात. एखादा सिलिंडर मेला की त्याच्या नळकांड्यातून ज्वाळेऐवजी पांढरा फवारा उडतो. त्या बाजूच्या धुराचा रेटा कमी पडतो आणि गाडी तिकडे ओढू लागते. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास चालकाला ती हातांनी सरळ ठेवावी लागते.

सुटताना तर ही सगळी ताकद घातकच. पूर्ण जोर लावला तर चाकं जागच्या जागी गरगरतात. म्हणून इंजिन जुळवणारा ट्यूनर सुरुवातीला टायमिंग मागे घेतो, मग ठरल्या क्षणी पुढे आणतो. क्लचच्या चकत्याही टप्प्याटप्प्याने घट्ट होतात. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन'मध्ये उतरणाऱ्या आजच्या पेट्रोल गाड्यांत इंजिनाचा संगणक नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटल्याचा, आवाज ऐकून टायमिंग आपणच मागे घेतो. टॉप फ्युएलमध्ये अशी धावत्या गाडीत स्वतःला सुधारणारी यंत्रणा चालत नाही. टायमर लावता येतात, पण ते धावेआधी. मोजमापं नोंदवता येतात, पण वाचायची ती धावेनंतर. इतक्या वेगवान यंत्राचं नशीब एका माणसाच्या अंदाजावर सोडणारा हा नियम या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

तो अंदाज हवेवर ठरतो. कोलोरॅडोतली बँडिमेअर स्पीडवे ही धावपट्टी २०२३ पर्यंत चालली. समुद्रसपाटीपासून सुमारे १,७७० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. तिथली हवा किनाऱ्याच्या मानाने सुमारे सहाव्या हिश्शाने विरळ. ही तूट भरून काढायला संघ पुली बदलून सुपरचार्जर जास्त वेगाने फिरवत आणि इंधनाचा हिशेब नव्याने मांडत. इंधनाच्या टक्केवारीचंही तसंच. ती हायड्रोमीटरने मोजतात; नायट्रो पाण्याहून जड, मिथेनॉल हलकं. पण ऊन चढलं की द्रव फुगतो आणि आकडा फसवतो, म्हणून तापमानाची वजावट करावीच लागते.

नोव्हेंबर २००६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे हंगामाची शेवटची धाव होती. टॉप फ्युएलचा चालक टोनी शूमाकर याला हंगामाच्या विजेतेपदासाठी अंतिम फेरीत मेलनी ट्रॉक्सेलला हरवणं पुरेसं नव्हतं. राष्ट्रीय विक्रमाचे २० गुणही हवे होते. सावध टायमिंग लावलं तर विक्रम नाही, अति केलं तर चाकं फिरणार आणि सगळंच जाणार. ट्यूनर होता ॲलन जॉन्सन. दहा वर्षांपूर्वी इंडियानापोलिसला त्याचा भाऊ ब्लेन त्यानेच ट्यून केलेल्या गाडीत अपघाती गेला होता. एका अंशाची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार!

जॉन्सनने आकडे लावले आणि तो बाजूला झाला. गाडीने ४०२ मीटर ४.४२८ सेकंदांत कापले, अंतिम रेषेवर वेग ताशी ५२७ किलोमीटरहून जास्त. विक्रमही झाला, विजेतेपदही. विजेतेपदाच्या चुरशीतला प्रतिस्पर्धी डग कलिटाहून १४ गुण जास्त.