ताऱ्याला निरोप कधी द्यायचा?

2013 च्या उन्हाळ्यात बॉस्टन सेल्टिक्सने पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट यांना ब्रुकलिन नेट्सच्या हवाली केले. पिअर्स तेव्हा 35 वर्षांचा होता, गार्नेट 37 वर्षांचा. 1998 मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये आल्यापासून पिअर्स फक्त बॉस्टनकडूनच खेळला होता. 2008 मध्ये या दोघांनी बॉस्टनला 22 वर्षांनी विजेतेपद मिळवून दिले होते. अशा खेळाडूंना अखेरचे हंगाम घरच्याच मैदानावर खेळू द्यायला नको होते का? प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, आणि म्हणूनच संघांचे व्यवस्थापन तो वर्षानुवर्षे पुढे ढकलत राहते. माझ्या मते खरे नुकसान त्या ढकलण्यातच होते.

आधी हा व्यवहार चालतो कसा ते पाहू. एनबीएमध्ये करारबद्ध खेळाडू हवा असेल तर त्याच्या बदल्यात प्रामुख्याने दुसरे खेळाडू किंवा ड्राफ्टमधले हक्क द्यावे लागतात. पगारखर्चाची मर्यादा ओलांडलेल्या संघाला तर जेवढ्या पगाराचा खेळाडू घ्यायचा, साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू सोडावे लागतात. म्हणून एका ताऱ्यामागे चार-पाच अनोळखी नावे इकडून तिकडे जाताना दिसतात. आयपीएलमध्ये अशा बदलीला खेळाडूची संमती लागते. एनबीएमध्ये करारात तशी खास अट नसेल, तर खेळाडूचे शहर एका फोनवर बदलते.

ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी नव्या खेळाडूंची होणारी निवड. तिच्यात तळाच्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे सर्वात वाईट अवस्था मधल्या संघाची. तो जिंकतही नाही आणि उद्याचा मोठा खेळाडूही त्याच्या हाती लागत नाही. 2012-13 चा बॉस्टन नेमका असाच होता: 41 विजय, 40 पराभव आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत न्यूयॉर्ककडून हार.

समोर ब्रुकलिन होते. नवे शहर, नवे स्टेडियम आणि ताबडतोब विजेतेपद हवे असलेला मालक. बॉस्टनचे व्यवस्थापक डॅनी एंज यांनी ही घाई अचूक हेरली. त्यांनी 2014, 2016 आणि 2018 या वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी मागून घेतल्या आणि 2017 मध्ये क्रमांकांची अदलाबदल करण्याचा हक्कही मिळवला. या निवडींवर कसलेच संरक्षण नव्हते. एरवी निवड देणारा संघ अट घालतो की ती फार वरच्या क्रमांकावर आली तर आमच्याकडेच राहील. ब्रुकलिनने तीही अट घातली नाही. तीन-चार वर्षांनी आपण तळाला असू, हे तेव्हा त्यांच्या मनातही आले नसावे.

घडले तेच. पिअर्स एका हंगामानंतर ब्रुकलिन सोडून गेला, 2015 च्या फेब्रुवारीत गार्नेटही गेला. पुढच्या हंगामात ब्रुकलिनने 82 पैकी 21 सामने जिंकले आणि त्या अपयशातून आलेला ड्राफ्टचा तिसरा क्रमांक बॉस्टनला मिळाला. त्यांनी जेलन ब्राउनला घेतले. 2017 मध्ये तर बॉस्टन स्वतः पूर्व विभागात अव्वल असताना ब्रुकलिनच्या कृपेने ड्राफ्टचा पहिला क्रमांकही त्यांच्याकडे आला. तो फिलाडेल्फियाला देऊन त्यांनी तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक निवड पदरात पाडली, आणि त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला निवडले. 2024 मध्ये ब्राउन आणि टेटम यांनीच बॉस्टनला विजेते केले.

याच गार्नेटच्या बाबतीत त्याच्या आधीच्या संघाने, मिनेसोटाने, काय केले तेही पाहायला हवे. 2004 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. पुढची तीन वर्षे मिनेसोटाला प्लेऑफचे तोंडही दिसले नाही. आता काहीतरी होईल, या आशेवर गार्नेटच्या उमेदीची वर्षे खर्ची पडली. 2007 मध्ये अखेर त्याला बॉस्टनला दिले तेव्हा बदल्यात पाच खेळाडू आणि दोन निवडी आल्या. त्यांतला अल जेफरसन खरोखर चांगला होता, तरीही मिनेसोटा पुन्हा प्लेऑफमध्ये पोहोचला तो थेट 2018 मध्ये. आलेल्या निवडीचे सोने करणारी माणसे कार्यालयात नसतील, तर ताऱ्याला सोडूनही संघ उभा राहत नाही. 2009 च्या ड्राफ्टमध्ये पाचवा आणि सहावा हे दोन्ही क्रमांक हातात असताना मिनेसोटाने दोन्ही वेळा दुसरेच खेळाडू घेतले. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने स्टेफन करीला उचलले.

ताऱ्याला न सोडणाऱ्यांचीही बाजू आहे. लेकर्सने कोबी ब्रायंटला 2013 मध्ये दोन वर्षांसाठी 4 कोटी 85 लाख डॉलरची मुदतवाढ दिली, तीही टाचेची मोठी दुखापत झालेली असताना. नंतरचे तीन हंगाम संघ गाळात गेला. शेवटच्या हंगामात 17 विजय आणि 65 पराभव. पण 13 एप्रिल 2016 ला आपल्या अखेरच्या सामन्यात कोबीने 60 गुण केले. त्या रात्रीची किंमत कुठल्याही ड्राफ्ट क्रमांकात मोजता येणार नाही, हे मी मनापासून मानतो. फक्त असा निर्णय घेणाऱ्या संघाने चाहत्यांना स्पष्ट सांगावे की पुढची तीन वर्षे आपण जिंकण्यासाठी नव्हे, या माणसाच्या सन्मानासाठी खेळणार आहोत. विजयाची आशा दाखवून तिकिटे विकणे चूक आहे.

हरत्या संघाने आपल्या बुजुर्ग ताऱ्याला सोडावे, आणि त्याच्यासाठी दोन-तीन संघ धडपडत आहेत तोवरच सोडावे. आधी त्याला विचारावे. गार्नेटच्या करारात बदली नाकारण्याचा हक्क होता, त्याने तो स्वतःहून सोडला म्हणून 2013 चा व्यवहार झाला. अशा निरोपाने चाहत्यांशी असलेले नाते तुटत नाही. पिअर्सचा 34 क्रमांक 2018 मध्ये आणि गार्नेटचा 5 क्रमांक 2022 मध्ये बॉस्टनने कायमचा राखून ठेवला.