स्वयंपाकघरातील कपाट आणि तरफेचा नियम

उन्हाळ्यात सहज उघडणारे सागवानी फडताळ श्रावणात का बरे अडकते? हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. तिथल्याच एखाद्या घराची कल्पना करा. मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेले धोतर तासाभरात कडकडीत होते. पावसाळ्यात तेच धोतर दोन दिवस ओलसर राहते. लाकडाचेही असेच आहे. सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ५ टक्के राहते. ती ८० टक्क्यांवर गेली की ते १६ टक्क्यांपर्यंत चढते. पाणी शिरले की लाकूड फुगते, पण सर्व दिशांना सारखे नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने वाढ नगण्य असते आणि आडव्या दिशेने भरपूर. ३० सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी या फरकाने पाच-सहा मिलिमीटर रुंदावू शकते. दाराची फट तेवढी नसते, म्हणून दार अडकते!

प्लायवूडने ही अडचण मोठ्या चतुराईने सोडवली आहे. ओंडका फिरवत ठेवून त्याचा पातळ पापुद्रा सोलून काढतात आणि असे पापुद्रे एकावर एक चिकटवतात, पण प्रत्येक पापुद्र्याचे तंतू खालच्याशी काटकोनात ठेवून. एक थर रुंदीत फुगू पाहतो, तर शेजारच्या थराचे लांबीतले तंतू त्याला धरून ठेवतात. परिणामी त्याच ३० सेंटिमीटरमध्ये वाढ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येते. ही युक्ती नवी नाही. इजिप्तमधील सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये सहा थरांच्या लाकडाची शवपेटी सापडली आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या ‘मॉस्किटो’ विमानाचा सांगाडाही मुख्यतः लाकडाचा आणि प्लायवूडचाच होता.

प्लायवूडचे थर बहुधा विषम संख्येत असतात. तीन, पाच, सात. का? मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना समतोल राहावा म्हणून. दोनच थर असते तर द्विधातू पट्टी तापवल्यावर वाकते तसा तक्ता वाकला असता. एक प्रयोग करून पाहा. एका पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओली खळ लावून कागद चिकटवा आणि वाळू द्या. पुठ्ठा कमान करील. दुसऱ्या पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद लावा; तो बहुतांशी सपाट राहील. आता लक्षात येईल की दाराला फक्त बाहेरून सनमायका लावून आतली बाजू उघडी ठेवली, की काही महिन्यांत दार का पिळवटते. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. आतून साधा पातळ तक्ता चालेल, पण तो हवाच.

घेताना प्लायवूडवरचा शिक्का पाहा. साध्या प्रतीचा सरस ओलाव्यापुरता टिकतो, वाफेपुढे नाही. ‘आयएस ७१०’ या मानकाच्या सागरी प्लायवूडला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते. सगळेच कपाट त्याचे करण्याची गरज नाही. मोरीलगतच्या आणि ओट्याखालच्या भागासाठी मात्र ते घ्यावे. शंका असल्यास कापून उरलेला तुकडा पातेल्यात काही तास उकळा. थर सुटू लागले तर काय समजायचे ते तुम्हीच समजा. पाणी शिरते ते मुख्यतः कापलेल्या कडांमधून, कारण तिथे तंतूंची तोंडे उघडी असतात. तेव्हा प्रत्येक कड, बिजागरीखालचीसुद्धा, रंगाने किंवा पट्टी चिकटवून बंद करावी.

फळीची जाडी ठरवताना गणित उपयोगी पडते. फळीचा झोल जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १२ ऐवजी १८ मिलिमीटर जाडी घेतली की तो जवळजवळ साडेतीन पटींनी कमी होतो. उलट, सारखे डबे ओळीने भरले असता झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो: ६० सेंटिमीटरची फळी ९० केली की पाचपट! म्हणून लांब फळीखाली मध्ये एक उभी फळी द्यावी. वरच्या पापुद्र्याचे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेने येतील असेच कापावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. भिंतीवरचे कपाट कोणाच्या तरी डोक्यावर टांगलेले असते, बहुतेक वेळा आईच्या. ९० सेंटिमीटर रुंद, ६० उंच व ३० खोल असे दारांचे कपाट सुमारे २२ किलोग्रॅमचे होते. डाळ-तांदळाचे डबे धरून ४५ समजू. त्याचा गुरुत्वमध्य भिंतीपासून सुमारे १५ सेंटिमीटर पुढे असतो. कपाट खालच्या कडेभोवती पुढे कलू पाहते. स्क्रू त्याला मागे ओढतात. स्क्रू तळापासून ५५ सेंटिमीटर उंचीवर असतील, तर परिबलांच्या नियमानुसार ओढ ४५ × १५ ÷ ५५, म्हणजे सुमारे १२ किलोग्रॅम-भार. तेच स्क्रू १० सेंटिमीटरवर लावले, तर ओढ साडेसदुसष्ट! खाली खेचणारा ४५ किलोग्रॅमचा भार दोन्ही वेळी वेगळाच. म्हणजे मुख्य स्क्रू वरच हवेत, आणि ते मागच्या ६ मिलिमीटरच्या पातळ तक्त्यातून नव्हे, तर बाजूंच्या फळ्यांना पक्क्या जोडलेल्या १८ मिलिमीटरच्या आडव्या पट्टीतून जावेत. पातळ तक्त्यातून स्क्रूचे डोके आरपार निघते.

बिजागऱ्यांनाही हाच नियम. दोन बिजागऱ्यांतील अंतर वाढवले की वरच्या बिजागरीवरची ओढ कमी होते. कडेत स्क्रू मारताना आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे, नाहीतर थर उकलतात.

भिंत पक्क्या विटांची किंवा काँक्रीटची असेल तर खुंटीसह स्क्रू चांगला धरतो. मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंतीवर मात्र भरवसा ठेवू नये. अशा घरात कपाट जमिनीवरच उभे करावे, वाळवी चढू नये म्हणून तळ दहा सेंटिमीटर उंच ठेवून, आणि वरच्या बाजूने भिंतीला फक्त आधारापुरते अडकवावे. पातळी पाहण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरा. दोन्ही टोकांना पाणी जिथे स्थिरावेल तिथे भिंतीवर खुणा करा आणि त्या जोडणारी रेघ ओढून मगच भोके पाडा.