तरवा आणि फुफ्फुस

मंडळी, भाताचा तरवा उपटून दुसऱ्या वाफ्यात लावला की काय होतं? दोन-चार दिवस तो मान टाकतो. मग नवी मुळी फुटते आणि रोप उभे राहते. माणसाचे फुफ्फुस बदलतात, तेव्हाही असेच अवघड दिवस येतात. ते आपण समजून घेऊ.

मेंदू मृत झालेल्या माणसाच्या नातेवाइकांनी संमती दिली, तर त्याचे फुफ्फुस दुसऱ्या रोग्याला बसवता येते. आपल्याकडे यासाठी 1994 सालचा कायदा आहे. जगातले असे पहिले ऑपरेशन 11 जून 1963 रोजी अमेरिकेत डॉक्टर जेम्स हार्डी यांनी केले. तो रोगी 18 दिवस जगला. रोगी पुढे वर्षानुवर्षे जगला असे यश 1983 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात आले.

या फुफ्फुसाला इजा दोनदा होते. पहिली इजा रक्त थांबल्यावर. रक्त नाही म्हणजे अन्न नाही. बर्फात थंड ठेवले की त्याची भूक मंदावते, पण मिटत नाही. साधारण 6 ते 8 तासांत ते बसवावे लागते. कोल्हापूरहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे! म्हणूनच अवयव नेताना पोलीस रस्ता मोकळा करतात.

दुसरी इजा नवलाची आहे. ती रक्त परत सुरू झाल्यावर होते. भेगाळलेल्या पाटात पाणी सोडले की ते बाजूने झिरपते ना? तसेच इथे होते. उपाशी राहिलेल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक झालेल्या असतात. रक्ताबरोबर प्राणवायू येतो. त्यातून दाहक द्रव्ये तयार होतात आणि वाहिन्या पाझरू लागतात. हवेच्या फुग्यांत पाणी साचते. मग श्वास घेऊनही प्राणवायू रक्तात उतरत नाही.

हा धोका पहिल्या 72 तासांत असतो. शरीराने परका अवयव नाकारणे ही गोष्ट वेगळी. यात देणाऱ्याचा दोष नाही, घेणाऱ्याच्या नशिबाचाही नाही. डॉक्टर श्वासयंत्र हलक्या दाबाने चालवतात. शिरेतून पाणी मोजून देतात. फारच बिघडले, तर रक्त बाहेर काढून यंत्रात त्याला प्राणवायू देतात आणि परत शरीरात सोडतात. पुष्कळ रोगी यातून सावरतात. काही मात्र दगावतात.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवू. भोंगा वाजवत गाडी आली की आपली बैलगाडी, ट्रॅक्टर बाजूला घेऊ. आणि अवयव द्यायचे की नाही, हे घरात आधीच बोलून ठेवू. दुःखाच्या वेळी घरच्यांना ते ठरवणे फार जड जाते.